गजराची चापट

सास्तूरला एस.टी.तून उतरा आणि कुणालाही विचारा, कॅसेटवाल्या रामलिंगाचं घर कुठलं. पानपट्टीवाला हातातलं पान खाली ठेवून दारापर्यंत आणून सोडील. भूकंपानंतर नवं गाव वसलं, सरकारनं रांगेनं घरं बांधून दिली, भिंतीभिंतीवर नंबर घातले, पण हे घर नंबरानं कुणी ओळखत नाही. आणि त्या घरातली म्हातारी? तिला तर अख्खा लोहारा तालुका ओळखतो. गजराबाई म्हटलं की माणसं आधी हसतात आणि मग नमस्कार करतात. बाई कशी आहे, तिला कुठं दुखतंखुपतं, हे कुणाला ठाऊक नाही. हसायचं मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याचं असं झालं. रामलिंग तरुणपणी गळ्याचा मोठा गोड. शेत होतं, बैल होते, पण जीव सगळा बाजाच्या पेटीत. तो पेटीवर, शिवप्पा ढोलकीवर, अशी दोघांची पार्टी. लग्नात, जत्रेत नवराबायकोच्या भांडणाची गाणी म्हणायची आणि माणसांना पोट धरधरून हसवायचं. भूकंपाच्या आधी त्याच्या एकामागं एक तीन कॅसेटी निघाल्या. 'गजरा निघाली बाजाराला', 'गजरानं केला घोटाळा' आणि 'मोडली गजराची खोड'. तिन्हीत नवरा तोच, बायको तीच. नवरा बिचारा गरीब गाय. बायको काळी, खादाड, झोपाळू आणि तोंडाची फाटकी. उमरग्याच्या हायवेवरचे ट्रक घ्या, लोहाऱ्याच्या जीपा घ्या, उसाचे ट्रॅक्टर घ्या, कटिंगची दुकानं घ्या, जाल तिथं गजरा आपली घोटाळे करतेच आहे.

नाव घरच्या बायकोचंच घातलं होतं. आता कुणी म्हणेल, बाईला राग कसा आला नाही? राग कशाचा घेऊन बसलात! गजराबाईला त्या कॅसेटींचा असा काही अभिमान होता की विचारू नका. तामलवाडीकडची पोर, लग्न होऊन इथं आली तेव्हा तिला कुणी नावानं हाक मारली नाही. सासू 'ए पोरी' म्हणायची, दीर 'वैनी', आणि नवरा तर 'ऐकलीस का' शिवाय बोलायचा नाही. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची पद्धतच नव्हती. आणि तोच माणूस भोंग्यातून गजरा गजरा म्हणून गावभर ओरडतोय! काळी म्हणू दे, झोपाळू म्हणू दे, नाव तर घेतोय. हापशावर बायका म्हणायच्या, बाई, नशीब काढलंस. ती पदर तोंडाला लावून लाजायची. त्या कॅसेटी तिला तोंडपाठ होत्या, आणि जोंधळा निवडताना, पोरांना निजवताना ती त्याच गुणगुणायची.

तिसऱ्या कॅसेटीत एक जागा आहे. नवरा बाजारातून उपाशी घरी येतो, तर बायको ढाराढूर झोपलेली आणि भाकरी कुत्र्यानं नेलेली. तो बोलतो, ती उलट बोलते. ढोलकी थांबते. आणि एकदम सण्णकन चापट! मग खुद्द गजराबाईच्या आवाजात 'आई गं', आणि पाठोपाठ तिचं खुदकन हसणं. बास, एवढंच. पण त्या जागेनं माणसांना वेड लावलं. ढोलकी थांबली की सगळ्या मांडवानं श्वास धरायचा आणि चापटीला सगळ्यांनी मिळून एकच टाळी हाणायची. पुढं पुढं लग्नांत ती प्रथाच पडली. हळदीला नवरानवरी पाटावर बसली की हे गाणं लावायचं आणि त्या जागेला नवऱ्यानं हळदीचा हात नवरीच्या गालावर हाणायचा. त्याला 'चापट घेणं' म्हणतात. बहुतेक पोरं हलकेच हाणतात, काहींना मित्रांपुढं जोर दाखवायची हौस असते. नवरीनं हसायचं. नाही हसली तर सासरी पाऊल टाकायच्या आधीच रुसकी म्हणून नाव पडतं.

लोक रामलिंगाला विचारायचे, आवाज एवढा खणखणीत काढला कसा? तो ऐटीत सांगायचा, शिवप्पाच्या उघड्या मांडीवर हाणली, गडी आठवडाभर लंगडत होता. सांगता सांगता स्वतःच्या मांडीवर फाडकन हात मारून दाखवायचा. शिवप्पा बाजूला बसून मान डोलवायचा. ही गोष्टही गाण्याइतकीच चालली.

मग भूकंप झाला. पेटी गेली, घर गेलं, गाण्याचं मनही गेलं. कॅसेटी मात्र लोकांच्या घरोघर होत्या म्हणून वाचल्या. रामलिंग पुढं फारसा गायला नाही, पण जुन्या नावावर मानानं जगला. तीन वर्षांमागं त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून तो पुढच्या खोलीत खाटेवर असतो. गजराबाई त्याला उठवते, धुते, भरवते, कूस बदलते. सोबतीला घरात तिची जाऊ द्वारकाबाई असते, रामलिंगाच्या थोरल्या भावाची विधवा. मूलबाळ नाही, स्वभाव गरीब, दिवसभर काही ना काही निवडत बसलेली. असं ते तीन म्हाताऱ्यांचं घर. मुलगा रेवणसिद्ध उमरग्याला आडतीत मुनीम, येऊन जाऊन असतो.

रेवणसिद्धची पोरगी अक्षदा पुण्याला नोकरीला. तिचं लग्न ठरलं उमरग्याच्या वैजनाथरावांच्या रणधीरशी. वैजनाथरावांचे ट्रक आहेत, घर तालेवार, सोयरीक यांच्या आवाक्यातली नव्हे. पण वैजनाथराव जवानीत स्वतः ट्रक चालवायचे, तेव्हापासून रामलिंगाच्या गाण्यांचे वेडे. कॅसेटवाल्या रामलिंगाची नात म्हटल्यावर त्यांनी पुढचं काही विचारलंच नाही. पोरगा बरा होता, शांत होता, अक्षदालाही आवडला होता. सगळं असं जुळून आलेलं.

लग्नाआधी पोरगी आजोळी यावं तशी आजीकडं राहायला आली आणि येताना आजोबासाठी भेट घेऊन आली. तिन्ही कॅसेटी तिनं पुण्यात कुणाकडून तरी साफ करून आणल्या होत्या. खरखर काढलेली, घरघर काढलेली, छोट्या स्पीकरवर शब्द न् शब्द टिपून घ्यावा असा. दुपारी सगळी खाटेभोवती बसली. गजराबाईनं चहा ठेवला, लुगडं सारखं केलं आणि पाय पसरून बसली. कितीतरी वर्षांनी ती हे निवांत ऐकणार होती.

पहिल्याच गाण्याला तिला कसंनुसं झालं. काळ्या नवरीचं गाणं ते. तव्याला नवरी शोधली की नवरीला तवा, असलं काहीबाही. हेच गाणं म्हणून तिनं अक्षदाला मांडीवर निजवलं होतं. पोरगी सावळी. ती गालात हसत ऐकत होती खरी, पण हळूच ओढणी सारखी करून तिनं हात झाकून घेतले. पूर्वी भोंग्याची घरघर, माणसांची खसखस, त्यात निम्मे शब्द कळायचेच नाहीत. आता तांदळातल्या खड्यासारखे एकेक दाताखाली यायला लागले. गजराबाई मनात म्हणाली, बया, हे आपण पाळण्यापाशी म्हणत होतो?

दुसऱ्या कॅसेटीत वांझोट्या भावजयीचं गाणं लागलं. द्वारकाबाई उठली. गॅसवर दूध ठेवलंय, बघून येते म्हणाली. गजराबाईला आठवलं, हे गाणं लागलं की ही नेहमीच उठते. चुलीचं निमित्त, गुरांचं निमित्त, वाळवणाचं निमित्त. आजवर तिला वाटायचं, जाऊ कामाची आहे. ती मागोमाग आत गेली. गॅस बंद होता, दूध फडताळात होतं आणि द्वारकाबाई ओट्याला टेकून गाणं संपायची वाट बघत उभी होती. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. गजराबाईला तोंड कुठं लपवावं कळेना. भरल्या घरात आपण हसत बसायचो आणि ही इथं उभी राहायची, एवढी वर्षं!

तिसरी कॅसेट लागली तेव्हा तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ढोलकी थांबली. चापट वाजली. रामलिंग हे ऐकताना खूश असायचा, डोळे बारीक करायचा, आणि त्या जागेला त्याचा चांगला राहिलेला डावा हात आपोआप हलायचा. आजही हलला. अक्षदा एकटक त्या हाताकडं बघत होती. तिनं गाणं मागं नेलं, पुन्हा तेवढीच जागा लावली. पुन्हा मागं, पुन्हा तीच जागा. मग कानात वायर घालून एकटीनं ऐकलं, आणि स्पीकर बंद करून आजीला परसात घेऊन गेली.

"आज्जी, आजोबा सांगायचे ही शिवप्पाआजोबांच्या मांडीवर मारलीय. मग त्यांचा हात मांडीवर का पडत नाही? गालाएवढा वर का जातो?"

गजराबाई दोरीवरचं वाळलेलं लुगडं काढायला लागली.

"आणि चापटीनंतर तू श्वास आत घेतेस, ते आता ऐकू येतंय. खरं सांग. ते लोक हळदीला चापट घेणार आहेत. ही खोटी असली तर मी पण गंमत म्हणून घेईन, हसेन. खरी असली तर मी रणधीरला आत्ताच सांगते, चापट नको म्हणून. तू सांगशील तसं."

पोरीनं केवढं ओझं म्हातारीच्या डोक्यावर ठेवलं बघा! एका शब्दाचं तर काम होतं. पण आत खाटेवर तो माणूस पडलेला. त्याच्याजवळ आता ना पाय, ना वाचा. उरलं होतं ते एवढंच, लोकांनी दिलेलं नाव. आणि या नावावर पोरीचं लग्न उभं. वैजनाथराव काय म्हणतील? सोयरेधायरे काय म्हणतील? बायकोला मारून गाणं केलं म्हणतील, आणि हिनं एवढी वर्षं मिरवलं म्हणतील. तेही खोटं नव्हतंच.

"मांडीवरचीच हाय गं," ती म्हणाली. "तुला आपलं काहीबी दिसतंय."

आणि पोरीचा विश्वास बसला. म्हणजे बसवून घेतला तिनं.

खरं काय ते गजराबाईला ठाऊक होतं, रामलिंगाला ठाऊक होतं आणि शिवप्पाला. सोलापुरातली रेकॉर्डिंगची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, उकाड्यानं जीव नकोसा झालेला. तिला हसण्यापुरतं आणि 'आई गं' म्हणण्यापुरतं नेलं होतं. मांडीवर मारून बघितलं खरंच, पण आवाज फुसका. पाठीवर मारलं, तर तो तबल्यासारखा. काचेपलीकडचा माणूस मान हलवत होता, वेळ संपत आली म्हणून कुरकुरत होता. रामलिंग घामाघूम झालेला. पुन्हा गाणं सुरू झालं, ढोलकी थांबली, आणि त्यानं वळून तिच्या थोबाडीत लगावली. तिला न सांगता. तिच्या तोंडून 'आई गं' निघालं ते ठरलेलं नव्हतं. आणि मग सगळी आपल्याकडं बघताहेत, टेप चालू आहे, या लाजेनं ती हसली. काचेपलीकडच्या माणसानं अंगठा वर केला. संध्याकाळी स्टँडवर रामलिंगानं तिला उसाचा रस पाजला, आणि आवाज कसा लाखात एक आला म्हणाला. कुणाला सांगू नको, लोक येडं म्हणतील, असंही म्हणाला. गालावर बोटं उठलेली, आणि ती बया रस पिताना हरखून गेलेली! आपल्यामुळं जमलं म्हणून.

खोटं कशाला बोला, रामलिंग मारकुटा नव्हता. आधी नाही, नंतर नाही, जन्मात तेवढा एकदाच त्याचा हात उठला. भूकंपात तिला मातीतून उकरून काढताना त्याची नखं निघाली होती. म्हणून तर बाईनं ती चापट कधी मनावर घेतली नव्हती. घ्यायला हवी होती की नको, हा विचारही तिनं केला नव्हता. आता त्या दुपारपासून तिचं डोकं नुसतं त्यातच फिरायला लागलं. रात्रंदिवस कानात तेच. आजवर किती लग्नं झाली असतील आणि किती पोरींच्या गालावर ती चापट उतरली असेल, हिशेब नाही.

तिनं धडपड केली, नाही असं नाही. शिवप्पा पत्रिका घ्यायला आला तेव्हा त्याला चहा दिला आणि हळूच विचारलं, भावजी, सोलापूरचं आठवतंय का. शिवप्पाची मान खाली गेली. खाटेकडं बघून म्हणाला, वैनी, माणूस पडलाय, आता कशाला. आणि निम्मा चहा ठेवून उठला. मग मुलाला म्हणाली, हळदीला ते गाणं नको रे लावायला, जुनं झालंय. रेवणसिद्ध हसायलाच लागला. म्हणाला, आई, त्या चापटीच्या पुण्याईवर तर पोरगी एवढ्या मोठ्या घरी चाललीय, आणि तीच नको? शेवटी तिनं पोरीची ती गाण्याची पेनड्राइव्ह उचलून जोंधळ्याच्या पोत्यात खुपसून ठेवली. दोन दिवस मनाला बरं वाटलं. मग कळलं, गाणी कधीच सगळ्यांच्या मोबाईलवर जाऊन बसलीत, व्याह्यांच्या ड्रायव्हरसकट. पोत्यात हात घालून तिनं ती निमूटपणे परत काढली.

आणि रामलिंगाला तर रोज गाणी ऐकायचीच असायची. सकाळी तोंड धुतलं की डाव्या हातानं स्पीकरकडं बोट दाखवायचा. दुसरं सुख तरी काय होतं त्याला? ती लावायची. पेज भरवता भरवता ती जागा यायची, हात गालाएवढा उचलला जायचा आणि ती चमचा धरून तशीच बसायची. घरातून उठून जाणार कुठं? द्वारकाबाईला निदान चुलीचं निमित्त होतं.

लग्न उमरग्याला, हायवेच्या कडेच्या मंगल कार्यालयात. सकाळी हळद. आपल्याकडं चार कोपऱ्यांत चार तांबे मांडून त्यांना सुताचे वेढे घालतात आणि त्या चौकात पाटावर नवरानवरीला बसवून हळद लावतात, न्हाऊ घालतात. सुरगी म्हणतात त्याला. सूत तुटू द्यायचं नसतं. वैजनाथरावांनी हौसेनं गजराबाईला नवरीच्या शेजारी, सुताच्या आतच पाट दिला. खऱ्या गजराशिवाय चापटीला शोभा नाही म्हणाले. समोर खुर्चीत रामलिंगाला आणून बसवलं होतं. वैजनाथरावांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, पाया पडले आणि माईकवरून त्याची थोरवी सांगितली. शिवप्पाच्या मांडीचा किस्साही सांगून झाला. शिवप्पा मागच्या रांगेत होता, तो कुठंतरी छताकडं बघत होता.

गाणं लागलं. मोठमोठाले स्पीकर, आवाज छातीत बसणारा. मोबाईल वर झाले. रणधीरनं हात हळदीत बुडवला. ढोलकी थांबली आणि सगळं कार्यालय गप्प झालं. गजराबाईनं डोळे मिटून घेतले.

टाळी कडाडली. डोळे उघडले तेव्हा अक्षदाच्या गालावर पाच बोटांची हळद होती. पोरानं हलकेच मारली होती, तो काही वाईट पोरगा नव्हता. पण अक्षदानं श्वास आत घेतला आणि सगळ्यांकडं बघून ती हसली. तेच हसू! स्पीकरमधून गजराबाई हसली आणि शेजारी पाटावर अक्षदा हसली, आणि म्हातारीला कुठलं कुणाचं ओळखू येईना. गाद्या ठोकलेल्या खोलीत तिला जशी लाज वाटली होती, तशीच लाज पोरीच्या डोळ्यांत होती.

"पुन्हा! पुन्हा!" कार्यालय ओरडलं. ही जागा दोनदा वाजवायची पद्धतच आहे. गाणं मागं गेलं, पुन्हा सुरू झालं. रणधीरनं पुन्हा हळदीत हात घातला. मित्र ओरडत होते, आता जरा जोरात. समोर रामलिंगाचा डावा हात शालीतून बाहेर येऊन वर जायला लागला होता.

गजराबाई उठली. पायात सूत आलं आणि तुटलं, एक तांब्या कलंडला. बायका अय्या अय्या करायला लागल्या. ती थेट वैजनाथरावांपाशी गेली, त्यांच्या हातातला माईक घेतला आणि म्हणाली, गाणं बंद करा. गाणं बंद झालं. लोक हसले. म्हातारी आता काहीतरी झकास बोलणार म्हणून पुढं सरकले.

"ही चापट मांडीवरची न्हाय. ही माज्या गालावरची हाय. सोलापुरात, मला न सांगता, माईकपुढं हाणलेली. ह्या मान्सानं जन्मात एकदाच हात उचलला, पर ती एक चापट आजपातूर थांबली न्हाय. म्या बी हसले, म्हणून तुमी हसलात. आता माज्या नातीला नगं."

कुणीतरी खो खो हसलं. कॅसेटमधलंच काहीतरी नवं असेल असं वाटलं असेल बिचाऱ्याला. चार जणांनी टाळ्याही वाजवल्या. गजराबाई माईक धरून उभी राहिली. तिचं खरं बोलणंसुद्धा गाण्यातलंच ठरत होतं. एवढं करून बाई होती तिथंच. मग माणसं खात्री करायला म्हणून रामलिंगाकडं वळली. त्याचा हात अजून गालाएवढा वर होता. तो हात त्यानं बघितला, जणू दुसऱ्याच कुणाचा असावा. मग बायकोकडं बघितलं. आणि हळूहळू खाली आणून तो शालीच्या आत घेतला. मान खाली घातली ती पुन्हा वर केली नाही.

तेव्हा हसणारे गप्प झाले. मागच्या रांगेतून शिवप्पा उठला आणि चप्पल न घालताच बाहेर गेला.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, जेवणं झाली. सूत कुणीतरी नवं बांधलं. रणधीरनं हळदीचा हात धुतला आणि गाल पुसायला अक्षदाला रुमाल दिला. ती आजीच्या गळ्यात पडून रडली, पण लोक म्हणाले निरोपाचं रडू आहे. वैजनाथराव पंगतीत गजराबाईशी बोलले नाहीत. रेवणसिद्धही बोलला नाही, एवढंच म्हणाला की आई, आजच्या दिवशी तरी नको होतं. कुणी म्हणालं म्हातारीचं डोकं फिरलंय, कुणी म्हणालं झालं ते झालं. जेवताना द्वारकाबाई मात्र सरकत सरकत तिच्याजवळ येऊन बसली आणि तिच्या पानातला लाडू फोडून दिला.

घरी आल्यावर रामलिंगाला खाटेवर निजवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं स्पीकरकडं बोट दाखवलं नाही. डावा हात शालीच्या आतच होता, पेज भरवतानाही त्यानं तो बाहेर काढला नाही. तिसऱ्या दिवशी शालीला वास यायला लागला. गजराबाईनं बादलीत ऊन पाणी आणलं, शाल बाजूला केली आणि तो हात धरून बाहेर ओढला. तो सोडवून घ्यायला बघत होता, पण तिनं सोडला नाही. साबण लावून मनगटापासून बोटांपर्यंत चोळून धुतला, एकेक बोट पुसलं. तो हात तिलाच धुवायचा होता, आजही आणि उद्याही. दुसरं होतं कोण?